कॉफी घामाला, चहा वयाला

त्यांच्या खोलीत रोज पाव किलो चहा पावडर उकळायची, पण अकरा वर्षांत मला तिथे एक कप चहा प्यायला मिळाला नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा भर उन्हात चिंचपोकळी स्टेशनवरून चालत आले होते. गॅसवर पातेलं खदखदत होतं, वास घमघमत होता. मी आपली भाबडेपणाने म्हणाले, "काका, अर्धा कप चालेल हं." त्यांनी काठीने पातेल्यातून एक धोतर वर उचललं, निथळत धरलं आणि म्हणाले, "ह्येचा पिवन झाला की तुका देतंय."

चेष्टा नव्हती ती. ते स्वतःही चहा पीत नसत. "चहा ह्यो रंग आसा. रंग कोण पिता?" असा उलटा सवाल. पाहुण्याला कोकम सरबत, नाहीतर गरम पाणी. घशाला कोरड पडलेल्या बाईसमोर चहाचं पातेलं ठेवायचं आणि गरम पाणी पाजायचं, ह्याला काय म्हणावं!

मी कपडेपटवाली. नाटकं, मालिका, अधूनमधून एखादी जाहिरात. जिथे बोलावतील तिथे कपडे पुरवायचे, नटांना घालायचे, इस्त्र्या मारायच्या, शिव्या खायच्या. दादरच्या बाजारातून आणलेला नवाकोरा सदरा कॅमेऱ्यासमोर वीस वर्षं वापरलेला दिसायला हवा असतो. ह्याला हल्ली सगळे एजिंग म्हणतात. काका 'म्हातारो करणं' म्हणायचे. लालबागच्या चाळीत पहिल्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली, एकटा जीव, लग्न केलेलं नाही. तरुणपणी मिलच्या रंगखात्यात होते. मिल बंद पडली, आणि रंग तेवढा हातात राहिला. नात्याने ते माझे कोणी नव्हते, पण मला 'बाय' म्हणत. गेल्या वर्षी गेले. मी रडले नाही. मला स्वतःचाच इतका राग येत होता की रडू आलंच नाही. का, ते सांगते.

"कॉफी घामाला, चहा वयाला." हा त्यांचा पहिला धडा. काखेत आणि कॉलरच्या आतल्या बाजूला कॉफी, बाकी अंगभर चहा. हळद अजिबात नाही, उन्हात उडते. पातेलं स्टीलचं, कारण लोखंडाच्या कढईत चहा काळा पडतो. मुद्दाम काळा डाग हवा असेल तर गंजक्या खिळ्यांचं पाणी वेगळ्या बरणीत. शेवटी तुरटी, रंग धरून ठेवायला. चाळीतल्या बायका बिचाऱ्या प्रेमाने घरातला चहाचा चोथा आणून द्यायच्या. काका तो हुंगून परत करायचे. "दुधाचो आसा गो. ह्यो लावलो तर नट स्टेजवर आणि माश्या नटावर."

त्या बायकांशी त्यांचं रोज वाजायचं. गॅलरीत कपडे वाळत, तपकिरी पाणी खाली ठिबके. खालच्या मजल्यावरच्या एक काकू ओरडायच्या, "ओ, तुमचा चहा पडतोय आमच्या पापडांवर!" काका कठड्यावरून वाकून म्हणायचे, "बिनदुधाचो आसा, काय होणा नाय!" माफी मागणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता.

एवढं करून त्यांच्या अंगावर कायम पांढरंशुभ्र, खळ घातलेलं. कामाला बसताना वर जुना टॉवेल गुंडाळायचे. अकरा वर्षांत मी त्यांच्या सदऱ्यावर एक ठिपका पाहिला नाही.

आणि प्रश्न! शर्ट हातात घेतला की चौकशी सुरू. घालणारा डावरा की उजवा? पिशवी कुठल्या खांद्याला लावतो? हात रुमालाला पुसतो की ढुंगणाला? बायको धुते की स्वतः धुतो? अहो, दोन मिनिटांचा सीन आहे, माणूस दारातून येतो आणि मरतो, त्याला कसला आलाय खांदा! पण उत्तर मिळाल्याशिवाय कपडा पातेल्यात जायचा नाही. मी मग थापा मारायला शिकले. "डावरा आहे, काका, आणि तंबाखू खातो." ते समाधानाने मान हलवायचे. थाप पकडली की शर्ट परत. "ह्यो माणूस नाय. ह्यो नुसतो शर्ट."

रस्त्यात त्यांच्याबरोबर चालायची मला लाज वाटायची. एकदा परळला बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ बसले होते. काका दहा मिनिटं त्यांच्या मानेजवळ नाक नेऊन कॉलर बघत होते. मी कोपर मारलं, डोळे वटारले, काही उपयोग नाही. ते गृहस्थ उतरले तसे काकाही उतरले, मलाही उतरावं लागलं. फुटपाथवर त्यांना गाठून विचारतात कसे, "तुमका मानेचो पट्टो लावलेलो काय हो, मागे कधी?" ते गृहस्थ घाबरलेच. म्हणाले, "हो, तीन वर्षं झाली. तुम्हाला कोणी सांगितलं?" काका म्हणाले, "कॉलर बोलली." आणि चालायला लागले. मी मागून सॉरी सॉरी म्हणत.

एका मालिकेच्या दिग्दर्शकाने गरीब शिक्षकाचा सदरा मागितला होता. काकांनी केलेला सदरा बघून तो म्हणाला, "अहो, हा स्वच्छ आहे! गरीब वाटला पाहिजे ना. जरा चिखल-बिखल मारा." मी मनात म्हटलं, मेले आता. काका त्याच्या अगदी जवळ गेले. "साहेब, गरीब माणूस घाणेरडो नसता. गरीब माणूस धुवन धुवन फाटता." सदरा घडी करून पिशवीत घातला आणि निघाले. ते काम गेलं. पुढची दोन कामंही गेली, कारण तो दिग्दर्शक माझ्या नावाने सगळीकडे बोंबलत सुटला. मी तीन आठवडे काकांशी बोलले नाही. आज वाटतं, तेच खरे होते. पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

ह्या माणसाकडे एक कपडा असा होता की त्याला त्यांनी चहाचा थेंब लागू दिला नव्हता.

पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती. दिवाळीनंतर ऊन पडलं की ते ट्रंक ओढून बाहेर काढायचे आणि धोतरात गुंडाळलेला एक खाकी शर्ट उलगडायचे. गॅलरीत सावलीत तासभर वारा द्यायचे, आणि परत घडी घालताना मागच्या वर्षीची घडी मोडून वेगळ्या रेघेवर घालायचे. एकाच घडीवर कापड राहिलं की तिथे विरतं म्हणून. मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. शर्ट त्यांच्या मोठ्या भावाचा. दादा साचेखात्यात होता, म्हणजे मागावर. मिलने खात्यातल्या माणसांना खाकी कापड वाटलं, दादाने गल्लीतल्या शिंप्याकडून शर्ट शिवून घेतला, एकदा घालून बायकोला दाखवला, आणि त्याच आठवड्यात संप सुरू झाला. दादा म्हणाला, संप मिटला की पहिल्या पाळीला घालीन. मिटला कुठे! दुसऱ्या वर्षी दादा गेला. चौतिसाव्या वर्षी. डॉक्टरने कावीळ लिहिलं. काका म्हणायचे, "कावीळ कागदार. आतून माणूस कधीच गेललो."

वहिनी लहान मुलीला घेऊन कुडाळकडच्या गावी गेल्या. जाताना ट्रंक दिरापाशी ठेवली. म्हणाल्या, "भावजी, गावात पावसात बुरशी धरता. ह्यो तुमी सांभाळा." त्यांनी सांभाळला. चाळीस वर्षांचा तो शर्ट काल दुकानातून आणल्यासारखा होता. इस्त्रीची धारसुद्धा होती.

आता माझा पराक्रम ऐका. त्यांच्या जुन्या मिलच्या जागेवर टॉवर झाला. त्याच्या लॉबीत मिलच्या आठवणींची एक भिंत करायची टूम निघाली. काम एका डिझायनर मुलीकडे आलं आणि तिच्याकडून माझ्याकडे. कामगारांचे कपडे हवे होते, चौदा नग, जुने दिसणारे. खरे कुठून आणणार? मी काकांना सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. उलट ते उभे राहिले. "त्याच जागेर?" त्यांनी दोन महिने राबून चौदा कपडे केले, आणि त्या वेळी मला एकही प्रश्न विचारला नाही. प्रत्येक कपड्यामागे माणूस त्यांना ठाऊक होता.

चौदा कपडे पोचवायला गेलो त्या दिवशी काकांनी पिशवीतून पंधरावा काढला. त्याच्यावर गुंडाळलेलं धोतर सोडलं. "ह्यो खरो आसा. माझ्या दादाचो. ह्यो मधे लावा, आणि खाली त्याचा नाव. मला पैसे नकोत."

मुलगी गोड होती, वाईट नव्हती. तिने शर्ट दोन्ही हातांनी घेतला, बघितला, आणि तिचं तोंड पडलं. "काका, खूप नवीन वाटतोय हो. लोक म्हणतील, आम्ही दुकानातून आणून लावला." काका म्हणाले, "नवोच आसा. वापरूक गावलोच नाय. तीच तर गोष्ट आसा." ती म्हणाली, "हो, पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? थोडं एजिंग केलंत तर नक्की लावू. नावही टाकू. प्रॉमिस."

काका माझ्याकडे बघायला लागले. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी सल्ला विचारला नव्हता. त्या दिवशी नजरेने विचारलं. आणि मी काय बोलले? मला परत दादर गाठायचं होतं, संध्याकाळी प्रयोग होता, मी घाईत होते. मी म्हणाले, "घाला हो चहात. चौदांचं केलंत, ह्याचंही करा. नाव तर लागेल भिंतीवर." जीभ झडली नाही माझी.

शर्ट ते परत घरी घेऊन गेले. पंधरा दिवसांनी फोन आला, "ये, बाय." मी गेले. पातेलं चढलं होतं, शर्ट मांडीवर होता. म्हणाले, "दादा अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झालो असतो. चौतिसाक गेलो. चोवीस वर्षांची नोकरी शिल्लक आसा. एक बुडी म्हणजे दोन वर्षां. बारा बुड्यो."

आणि त्यांनी पहिली बुडी दिली. काठीने दाबून धरला शर्ट, आणि स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "चेडू शाळेत गेला." चेडू म्हणजे दादाची मुलगी. शर्ट पिळला, वाऱ्यावर धरला. दुसरी बुडी. "गावच्या घरार कौलां घातली." तिसरी. "वयनीक पाटल्यो केल्यान." असं एकेक करत गेले. मधेच कॉफी घोटून काखेत लावली. डाव्या खांद्यावर रंग कमी ठेवला, कारण तिथे मागाची कापसाची धूळ बसते. आठव्या बुडीनंतर पाय घासायची वजरी घेतली आणि पोटाजवळचं कापड घासायला लागले. "आता चष्मो लागलो ना. वाकून बघता. साच्याक पोट घासता." दादा तंबाखूची डबी उजव्या खिशात ठेवायचा, म्हणून खिशाचा कोपरा झिजवला. सकाळी बसले होते, दुपार झाली. बाराव्या बुडीनंतर शर्ट दोरीवर टाकला आणि म्हणाले, "झालो रिटायर."

त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं. मूर्ख बाई! मला वाटलं, केवढं पुण्याचं काम घडलं माझ्या हातून.

पुढची चूकही माझीच. आमच्या धंद्यात एजिंग केलेल्या प्रत्येक कपड्याची यादी करतात, म्हणजे धोब्याकडे चुकून जाऊ नये. सवयीने मी पंधराच्या पंधरा नग एकाच यादीत लिहिले, 'एजिंग केलेले', आणि फोनवर पाठवून दिले. पाट्या बनवणाऱ्याने तीच यादी पुढे ठेवली. पितळी पाट्या आल्या, भिंतीवर ठोकल्या गेल्या. 'कामगाराचा शर्ट. प्रतिकृती.' पंधरा ठिकाणी तेच. दादाचं नाव कुठेच नाही.

काकांनी ते बघितलं तेव्हा मी बाजूलाच होते.  त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर दर दोन दिवसांनी फोन, "बाय, पाटीचा काय झाला?" मी त्या डिझायनर मुलीच्या मागे लागले. ती तोवर दुसऱ्या कामावर गेलेली. तिच्या जागी आलेल्या माणसाने विचारलं, "खरा आहे ह्याला पुरावा काय? दिसतो तर बाकीच्यांसारखाच." बरोबरच होतं त्याचं. काकांनी स्वतःच्या हाताने पुरावा चहात घातला होता, आणि मी घालायला लावला होता. सहा महिने भांडले. शेवटी तो कबूल झाला. काकांनी सहीनिशी लेखी द्यावं, पाटी बदलू.

त्याच सुमारास वहिनी मोतीबिंदू काढायला मुंबईला आल्या. काकांनी त्यांना शर्ट भिंतीवर लावल्याचं सांगितलं होतं. चहाचं सांगितलं नव्हतं. "बघल्यार खूश होतली," मला म्हणाले. "घोवाची, माझ्या दादाची, नोकरी पुरी झाली असा वाटतला तिका." त्यांचा खरोखर तसा विश्वास होता.

डोळ्यांवरची पट्टी सुटल्यावर आठवड्याने आम्ही तिघं टॉवरमध्ये गेलो. वॉचमनने "किसको मिलना है?" विचारलं, मी पाटी बदलायला कबूल झालेल्या माणसाचं नाव सांगितलं. काकांच्या खिशात वहीच्या कागदावर लिहिलेलं पत्र होतं: हा शर्ट खरा असून माझ्या सख्ख्या भावाचा आहे. वहिनी सत्तरीच्या, ठेंगण्या, डोळ्यांवर काळा चष्मा. भिंतीसमोर त्यांनी चष्मा काढला. पहिल्या शर्टापासून एकेक बघत मधे आल्या, थांबल्या, आणि तशाच पुढे गेल्या. शेवटच्या शर्टापर्यंत जाऊन परत फिरल्या.

"भावजी, ह्येंचो खंय आसा?"

काकांनी मधल्या शर्टाकडे हात केला. त्या काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. पोटाजवळचं झिजलेलं कापड बघितलं, काखेतला डाग बघितला.

"ह्यो? ह्यो ह्येंचो न्हय," त्या म्हणाल्या. "किती मळललो ह्यो, कोणाचो काय माहीत. ह्येंचो नवो होतो. एकदाच घातलेलो. मीच इस्त्री केलेलंय."

 वहिनी खाली वाकून पाटी वाचायला लागल्या. नव्या डोळ्यांनी, अक्षर लावत. "प्र-ति-कृ-ती. म्हंजे काय वो?"

मी बोलणार होते. अगदी तोंडावर आलं होतं, वहिनी, चूक झाली, तो त्यांचाच आहे, मीच घालायला लावला चहात. काकांनी नजरेनेच मला थांबवलं.

"नक्कल, वयनी," ते म्हणाले. "खरो न्हय."

"तरीच!" त्यांचा जीव भांड्यात पडला. हसल्यासुद्धा. "माझ्या काळजात धस्स झालेला. खरो घराकडेच ठेवलात ना? बरा केलात. हंय कोण बघतला त्येका?"

समोरून पाटी बदलणारा तो माणूस लिफ्टमधून बाहेर येत होता. काकांनी खिशावर हात दाबून धरला आणि मला हळूच म्हणाले, "त्येका सांग, पाटी बरोबर आसा. बदलू नको म्हणावं."  मला ते जमेना. मग ते स्वतःच गेले आणि त्या माणसाला हात जोडून काहीतरी बोलले. तो खांदे उडवून परत गेला.

वहिनी दारापर्यंत पोचल्या होत्या. काळा चष्मा हातातच होता.

"चला भावजी, घराक गेल्यार ट्रंक काढा," त्या म्हणाल्या. "आता माका दिसता. एकदा हातात घेवन बघतंय."

"होय, वयनी," काका म्हणाले.